ओढून नेलेली मोटार आणि तिची बॅटरी

मी शिकायला बेळगावात असलो तरी घर डिचोलीचे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पेडण्याच्या काकांची बंद पडलेली मोटार डिचोलीच्या गॅरेजात आणायची होती. ओळखीच्या एका पिकअपच्या मागे ती लोखंडी दांड्याने बांधली. काका स्टिअरिंगवर, मी शेजारी. निघता निघता रात्र झाली. कोलवाळचा पूल ओलांडला, म्हापसा मागे टाकले आणि अस्नोड्याच्या पुढे आलो, तोच काका म्हणाले, "अरे, दिवे मंद का झाले रे?" पाहता पाहता आमचे दिवे पार विझले. मागून वळणावर आलेली बस अगदी हातभर अंतरावर करकचून थांबली. तिचा ड्रायव्हर आम्हांला जे बोलला ते येथे लिहिण्यासारखे नाही. पण ते खोटेही नव्हते.

मोटारीचे इंजिन तर बंदच होते, मग बॅटरी संपली कशी? उत्तर प्रश्नातच आहे. बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटर करतो आणि अल्टरनेटरला इंजिन फिरवते. ओढल्या जाणाऱ्या मोटारीची चाके फिरतात, पण गियर न्यूट्रलमध्ये असल्याने इंजिन स्वस्थ असते. खर्च मात्र चालूच राहतो. स्टिअरिंगचे कुलूप अडकू नये म्हणून किल्ली फिरवून ठेवावी लागते. छोटे दिवे मिळून सुमारे २० वॅट. चार इंडिकेटर प्रत्येकी २१ वॅटचे. ते निम्मा वेळच पेटतात म्हणून सरासरी ४२ वॅट. एकूण ६२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टांवर सुमारे ५ अँपियर. ६० अँपियर-तासांची चांगली बॅटरी हा भार कागदोपत्री बारा तास सोसेल. काकांची बॅटरी पावसाळाभर तशीच पडून होती. अशा बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची साठवण घटते.

अमेरिकेत मोटारघराच्या मागे छोटी मोटार बांधून शेकडो मैल नेतात. तेथेही हीच अडचण येते. उपाय असा, की पुढच्या गाडीच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत तार न्यायची. पण तार कोणती? समजा, जाण्यायेण्याची मिळून २० मीटर तांब्याची तार लागली. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध सुमारे ०.२३ ओहम होतो. ५ अँपियरला १.१५ व्होल्ट वाटेतच जातात. अल्टरनेटरचे १४ व्होल्ट मागे पोचतात ते १२.८५ होऊन. भरलेली बॅटरी स्वस्थ असतानाच १२.६ व्होल्ट दाखवते. तेव्हा एवढ्याने दिवे जळतील, पण बॅटरी नीट भरणार नाही. ६ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर १३.७ व्होल्ट पोचतात आणि काम होते.

तारेच्या दोन्ही टोकांना, बॅटरीजवळच, फ्यूज हवा. कारण तार कोठे घासून उघडी पडली तर आग लागेल. पुढचे इंजिन चालू असतानाच जोडणी व्हावी यासाठी रिले बसवावा, नाहीतर गाड्या थांबल्यावर मागची बॅटरी पुढचीलाही रिकामी करील. पुढे मोठा ट्रक असेल तर आधी व्होल्टेज तपासावे. पुष्कळ ट्रकांत २४ व्होल्ट असतात. त्यांना १२ व्होल्टांची बॅटरी सरळ कधीही जोडू नये.

उभ्या गाडीच्या बॅटरीची कथा डिचोलीला नवी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या आणि खनिज वाहणारे टिपर दारोदार उभे राहिले. उभी बॅटरीदेखील आतल्या आत रिकामी होत असते. म्हणून तिची एक तार काढून ठेवावी आणि महिन्याकाठी ती चार्जरवर भरून घ्यावी.

आता काकांना मी एक साधा मल्टिमीटर घेऊन दिला आहे. गाडी ओढून न्यायची वेळ कोणावर आलीच, तर निघण्यापूर्वी तो लावून पाहावा. १२.४ व्होल्टांपेक्षा कमी भरले तर रात्रीचे निघू नये. त्या दिवशी आम्ही हे पाहिले असते, तर सकाळपर्यंत पेडण्यालाच राहिलो असतो.