खारपाणपट्ट्यातील काळीची छिद्रे

शेगाव-संग्रामपुराकडे पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस उघडल्यावरही काही शेतांत पाणी उभे राहते. जमिनीत पोकळी नाही म्हणून असे घडते, असा माझाही समज होता. म्हणून खोल नांगरट केली. पहिल्याच जोरदार सरीत ढेकळे विरघळून चिखल झाला व हरभऱ्याची पेरणी हुकली. तीस वर्षे दप्तरात 'काळी' एवढाच शेरा लिहीत आलो, तिच्या पोटात पाहिले नव्हते!

एक लिटर मापाचा, दोन्ही तोंडे उघडी असलेला धारदार नळा ओलसर जमिनीत उतरवावा. काळी वाळताना आकसते, सबब माप ओलीतच घ्यावे. आतील माती १०५ अंश सेंटिग्रेडवर वाळवून तोलावी. वजन १,३२५ ग्रॅम भरल्यास, कणांचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.६५ धरून, ५०० घनसेंटिमीटर कण व तितकीच पोकळी ठरते.

अर्धी जमीन पोकळ, तरी पाणी मुरत नाही. कारण छिद्रे अतिसूक्ष्म असतात. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रात पाणी सुमारे ३० सेंटिमीटर चढते, ०.०१ च्या छिद्रात ३ मीटर. यास्तव प्रयोगशाळेत पूर्ण भिजविलेल्या नमुन्यास ३० सेंटिमीटर पाण्याची ओढ लावतात. वजन जितके ग्रॅम घटेल, तितके घनसेंटिमीटर मोठ्या छिद्रांचे होत. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन हीच छिद्रे बुजवितात. जिप्समातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते. जिप्सम घालण्यापूर्वी एक नमुना व एका पावसाळ्यानंतर त्याच वावरातील दुसरा, असे दोन्ही तपासून घ्यावेत.