जुना रंग उतरवताना

आमच्या जुन्या फियाटचा रंग घरीच काढायचे ठरवून मी पेंट रिमूव्हर आणला. बाहेर भुरभुर होती, म्हणून शेडचे दार लावून घेतले. रिमूव्हर ब्रशने जाड थापताच थोड्या वेळात रंग सुरकुतून फुगला. मोठी मौज वाटली. मग दाराचा खालचा पत्रा खरवडायला जमिनीवर बसलो आणि डोके गरगरू लागले. बाबांनी दंडाला धरून बाहेर काढले.

अशा पुष्कळ रिमूव्हरांत मेथिलीन क्लोराइड असते. ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे साध्या हवेतही भराभर उडते. त्याचा रेणुभार ८५, हवेचा सरासरी २९. म्हणजे वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड. ती जमिनीलगत साचते, नेमकी मी बसलो होतो तिथे! शिवाय शरीरात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. नाकावरचा रुमाल येथे कुचकामी. हा हिशेब रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आधी सुचू नये, याची लाज वाटते.

उरलेला रंग उघडीप पाहून अंगणात, पाणी लावून पॉलिशपेपरने काढला. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासले नाही. मात्र बेळगावच्या पावसाळी हवेत उघडा पत्रा रातोरात तांबूस होतो. तेव्हा दिवसाला एकच दार घ्यायचे, कोरडे पुसून संध्याकाळच्या आत प्रायमर मारायचा. बॉनेट अजून बाकी आहे.