काटा हलला म्हणजे आकडा खरा नव्हे

जुन्या आउटबोर्डला नवा टॅकोमीटर जोडला, इंजिन सुरू केलं आणि काटा उठला की काम फत्ते, असं बहुतेकजण मानतात. माझ्या मते खरी तपासणी तिथून सुरू व्हायला हवी. काटा हलणं म्हणजे मीटरला स्पंद मिळताहेत, एवढंच. हे स्पंद फ्लायव्हीलखालच्या चार्जिंग कॉइलमधून येतात. चुंबकांचे १२ पोल असतील तर एका फेऱ्याला ६ स्पंद, १० असतील तर ५, ४ असतील तर २. मीटरच्या पाठीमागचा सिलेक्टर या हिशेबाने लावायचा. तिथला आकडा काही मीटरवर पोलचा असतो, काहींवर स्पंदांचा, तेव्हा सोबतचा कागद आधी वाचावा. सिलिंडर किती, याचा इथे संबंध नाही. गाडीचा मीटर आणून लावणारे त्यामुळेच फसतात.

‘कानाला कळतं की, थोडाफार फरक पडला म्हणून काय झालं?’ हा नेहमीचा आक्षेप. कानाला बदल कळतो, आकडा नाही. १० पोलच्या इंजिनावर १२ पोलला लावलेला मीटर ६००० फेऱ्यांना ५००० दाखवतो. आयडलला ७५० च्या जागी ६२५ दिसतात, तिकडे कुणाचं लक्षही जात नाही. चूक पूर्ण थ्रॉटलवरच मोठी होते. मग इंजिन दमतंय असं समजून कमी पिचचा पंखा बसवला जातो आणि आधीच मर्यादेबाहेर फिरणारं इंजिन आणखी पळतं. मीटर जास्त दाखवत असेल तर उलटं: जड पंखा, आणि भाराखाली कुथणारं इंजिन.

वायरिंगमध्ये रंगांवर आंधळा विश्वास नको. जॉन्सन-एव्हिनरूडला साधारणपणे करडी वायर सिग्नलची, जांभळी किल्लीनंतरच्या १२ व्होल्टची, काळी अर्थची. यामाहाला सिग्नल हिरव्यावर आणि १२ व्होल्ट पिवळ्यावर. जॉन्सनची पिवळी मात्र स्टेटरची. त्यात जुन्या होडीत मधल्या मालकांनी काय जोडलंय ते देव जाणे, म्हणून मल्टीमीटर लावूनच पुढे जावं. सीडीआय इग्निशनच्या कॉइलवरून सिग्नल घेण्याचा मोह टाळावा. तिथे शेकडो व्होल्ट असतात, साधा मीटर जळतो. चालता काटा अचानक मेला तर मीटर बदलण्याआधी रेक्टिफायर तपासावा, अनेकदा दोष तिथेच सापडतो.

चार्जिंग कॉइलच नसलेल्या छोट्या इंजिनांना प्लगच्या वायरीला गुंडाळायचा इंडक्टिव्ह मीटर चालतो. टू-स्ट्रोकमध्ये सहसा दर फेऱ्याला एक ठिणगी पडते, त्याप्रमाणे तो लावावा. कायमच्या मीटरचा आकडा पडताळायलाही हाच उपयोगी, आणि ती पडताळणी पंखा विकत घेण्याआधी करावी.