शस्त्रकर्मोत्तर वेदना आणि औषधविरहित उपकरण : रत्नागिरी जिल्ह्यातील गरजेची पाहणी कशी करावी?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायाच्या अखेरीस, शस्त्रकर्मामुळे उत्पन्न होणाऱ्या तीव्र वेदनेवर यष्टिमधुयुक्त कोमट घृताचे सेचन सांगितले आहे. शस्त्र खाली ठेवले म्हणजे वैद्याचे कर्तव्य संपले, असे आचार्य मानीत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने पदव्युत्तर शिक्षणात शल्यतंत्राची ३९ व शालाक्यतंत्राची १९ शस्त्रकर्मे निर्दिष्ट झाली. त्यामुळे शस्त्रकर्मोत्तर वेदनेचा विचार आपल्या व्यवसायाच्या अधिकच निकट आला आहे.

वेदनाशामक गोळ्या उपयुक्त आहेतच. परंतु वृद्ध, वृक्कविकारी व अम्लपित्ताने पीडित रुग्णांत त्यांना मर्यादा पडतात. अशा वेळी औषधविरहित उपकरणाची मागणी होते व विक्रेते आपल्या दारी येतात. उपकरण विकत घेण्यापूर्वी अथवा दुकानात ठेवण्यापूर्वी आपल्या परिसरातील गरज कशी अजमावावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपकरण व त्याचे कार्य

या वर्गातील सर्वांत परिचित उपकरण म्हणजे टेन्स. त्वचेवर लावलेल्या पॅडद्वारे ते मज्जातंतूंना सौम्य विद्युत्‌प्रवाह देते. १९६५ साली मेल्झॅक व वॉल यांनी मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धांतानुसार, स्पर्शाची संवेदना वाहणारे तंतू उत्तेजित झाले असता मेरुरज्जूच्या पातळीवर वेदनेच्या संदेशास अटकाव होतो. दुखावलेला भाग आपण नकळत चोळतो, त्यामागील तत्त्व हेच.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात शस्त्रकर्मोत्तर रुग्णांवरील २१ चाचण्यांचा विचार झाला. खोट्या उपचाराच्या तुलनेत टेन्समुळे वेदनाशामकांचा वापर सरासरी २६.५ टक्क्यांनी घटला. जेथे प्रवाह पुरेसा तीव्र, परंतु असह्य नव्हता, तेथे ही घट ३५.५ टक्के होती. जेथे याची खात्री नव्हती, तेथे केवळ ४.१ टक्के. औषधाप्रमाणे उपकरणालाही मात्रा असते, हा यातील मुख्य बोध होय. २०२२ च्या, सर्व प्रकारच्या वेदनांवरील ३८१ चाचण्यांच्या आढाव्यातही उपचार चालू असताना अथवा त्यानंतर लगेच वेदना कमी झाल्याचे दिसले. म्हणजे हे उपकरण साहाय्यक आहे; गोळ्यांचा पूर्ण पर्याय नव्हे.

पाहणी कोणाची करावी?

उपकरण सुचविणारा, वापरणारा व त्याचे पैसे देणारा या तीन व्यक्ती बहुधा भिन्न असतात. रत्नागिरीत तर हे विशेषच जाणवते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कर्ती माणसे मुंबईस व घरी वृद्ध, ही स्थिती आपल्या परिचयाची आहे. वापरणारी आजी गावी, तर पैसे पाठविणारा मुलगा मुंबईस. म्हणून तिघांनाही स्वतंत्रपणे विचारावे.

प्रश्न कसे असावेत?

१) "असे यंत्र मिळाले तर घ्याल का?" हा प्रश्न टाळावा. वैद्याच्या भिडेखातर रुग्ण "हो" म्हणतो आणि दुकानदाराचे भांडवल अडकते. त्याऐवजी घडलेले विचारावे : "घरी आल्यावर तिसऱ्या रात्री झोप लागली का? काय घेतले? किती खर्च आला?"

२) शून्य ते दहा या मोजपट्टीबरोबरच रुग्णाचा शब्द जसाच्या तसा लिहावा. ठणका, सणक, कळ, आग, ओढ हे शब्द निरनिराळी वेदना सांगतात. सुश्रुतांनीही सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात व्रणवेदनांचे दोषानुसार भेद केले आहेत.

३) वेदना स्वस्थ पडून असताना होते की खोकताना, उठताना, हे अवश्य विचारावे.

४) शल्यचिकित्सकांकडून महिन्यातील शस्त्रकर्मांची प्रकारवार संख्या घ्यावी. समजा, ती ४० आहे. त्यांपैकी १५ रुग्णांना गोळ्या पुरत नाहीत वा चालत नाहीत आणि त्यांतील सहाजणांच्या घरी यंत्र लावून देणारे माणूस आहे. तर आपली खरी मागणी सहा, चाळीस नव्हे.

५) मंडणगडपासून राजापूरपर्यंत अंतर मोठे आहे. पॅड संपल्यावर नवे कोठे मिळतील, घामाने ते सुटतात का, बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करील, हेही नोंदवावे. पॅड न मिळाल्यास उत्तम यंत्रही फडताळात पडून राहते. अशा वेळी विक्रीपेक्षा भाड्याने देणे रुग्णास परवडेल का, हेही तपासावे.

सावधानता व कायदा

पेसमेकर असलेल्या रुग्णास हे उपकरण लावू नये. गर्भिणीच्या उदरावर, मानेच्या पुढील भागी, बधिर त्वचेवर वा उघड्या व्रणावर पॅड ठेवू नयेत. ते टाक्यांच्या बाजूंस, अखंड त्वचेवर लावावेत. शस्त्रकर्मानंतर वेदना अकस्मात वाढणे, ज्वर, सूज वा पूय ही उपद्रवाची लक्षणे होत. त्या वेळी यंत्र बाजूस ठेवून रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. वेदना झाकली गेली आणि उपद्रव दुर्लक्षिला गेला, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

केवळ आयुर्वेदीय औषधे विकण्यास विक्री-परवाना लागत नाही. म्हणून उपकरणासही लागत नसावा, असा समज होण्याचा संभव आहे. तो चुकीचा आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीने त्यांच्या विक्रीसाठीही नोंदणीची तरतूद झाली. औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करूनच माल मागवावा आणि वेष्टनावरील उत्पादन वा आयात परवान्याचा क्रमांक पाहावा.

सारांश

पाहणी लहान असली तरी चालेल. तीस रुग्णांची प्रामाणिक टिपणे विक्रेत्याच्या रंगीत पत्रकापेक्षा अधिक सांगतात. पाहणीअंती "आपल्या गावी याची गरज नाही" असे उत्तर आले, तरी श्रम वाया गेले असे समजू नये. रुग्णाची तिसरी रात्र कशी गेली हे विचारण्याची सवय आपणास लागली, हा लाभ काही लहान नव्हे.