उतारावरील जमिनीची सुधारणा आणि पावसाच्या पाण्याची वाट

बालाघाटाच्या डोंगररांगांत उगम पावणारी बिंदुसरा नदी पालीजवळील धरणातून पुढे बीड शहराकडे जाते आणि सिंदफणेस मिळून अखेर गोदावरीच्या पात्रात सामावते. पाली परिसरातील शेतकऱ्याच्या बांधावरून वाहून जाणारे पाणी याच मार्गाने जाते. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेस आलेल्या महापुराने बीड शहरात अनेकांचे प्राण घेतले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील कित्येक शेतांतील माती पिकासह खरवडून गेली. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात पाण्याच्या अभावाइतकाच त्याचा अनावर लोंढाही घातक ठरतो, ही गोष्ट यावरून ध्यानी यावी.

अलीकडे यंत्राच्या साहाय्याने जमीन सपाट करणे, जुने बांध मोडून मोठे टप्पे पाडणे, ओघळी बुजवणे आणि धुळे-सोलापूर महामार्गासारख्या हमरस्त्यांलगत भूखंड पाडणे ही कामे झपाट्याने होतात. पूर्वी ज्या कामास दोन उन्हाळे लागत, ते आता दोन दिवसांत उरकते. परंतु पाण्याची वाट मात्र यंत्राच्या हुकमाने बदलत नाही. ती अडवल्यास पाणी दुसरी वाट शोधते, आणि ती बहुधा शेजाऱ्याच्या पिकातून जाते. म्हणून जमीन सुधारण्यापूर्वी पाण्याचा हिशेब कसा करावा व त्यासंबंधी कायदा काय सांगतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाण्याचा हिशेब

चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाल्यास शासन-दरबारी ती अतिवृष्टी समजली जाते. एवढ्या पावसात एक हेक्टर जमिनीवर साडेसहा लाख लिटर पाणी पडते. जमीन आधीच भिजलेली असेल तर यातील फार मोठा भाग मुरत नाही, वाहू लागतो.

तथापि बांध फुटतो तो दिवसभराच्या पावसाने नव्हे, तर तासा-अर्ध्या तासाच्या जोरदार सरीने. त्यासाठी पुढील सोपे गणित उपयोगी पडते. पावसाचा ताशी जोर मिलिमीटरमध्ये घ्यावा. त्यास क्षेत्राच्या हेक्टरांनी आणि वाहून जाणाऱ्या पाण्याच्या अंशाने गुणावे व येणाऱ्या संख्येस ३६० ने भागावे. उत्तर दर सेकंदास किती घनमीटर पाणी येईल ते सांगते.

समजा, वरच्या अंगाचे दोन हेक्टर क्षेत्र नांगरटीचे आहे, पावसाचा जोर ताशी ६० मिलिमीटर आहे आणि निम्मे पाणी वाहून येते. अशा वेळी दर सेकंदास सुमारे १६७ लिटर पाणी बांधाशी येईल. पुष्कळ ठिकाणी बांधात ३० सेंटीमीटर व्यासाचा एक नळ टाकून निश्चिंत होण्याची रीत आहे. तो नळ सेकंदास दीड मीटर वेगाने काठोकाठ भरून वाहिला, तरी त्यातून केवळ १०६ लिटर पाणी जाते. उरलेले पाणी बांधावरून जाते व बांध घेऊन जाते. काडीकचऱ्याने नळाचे तोंड बुजल्यास तर विचारावयासच नको.

नळापेक्षा दगडी सांडवा अधिक भरवशाचा होय. सांडव्यावरून १५ सेंटीमीटर खोलीचे पाणी वाहू द्यावयाचे असेल, तर वरील १६७ लिटरांस सुमारे १.७ मीटर लांबीचा सांडवा पुरतो. बांधाचा माथा या पाण्याच्या पातळीहून निदान ३० सेंटीमीटर उंच ठेवावा. सांडव्याच्या खालच्या अंगास दगड घट्ट बसवावेत, नाही तर पडत्या पाण्याने तेथे घळ पडून ती हळूहळू मागे सरकते आणि सांडवाच खचतो.

आता याच दोन हेक्टरांवर भूखंड पडले, पक्के रस्ते झाले व घरे उठली असे समजू. छप्परे आणि डांबर यांवरील पाणी मुरत नाही. सर्व जागा अशी झाकली गेली तर दहांपैकी नऊ भाग पाणी वाहते. तेव्हा तेवढ्याच पावसात सेकंदास ३०० लिटर पाणी येईल व सांडवा तीन मीटरांचा लागेल. शिवाय हे पाणी शेतातल्यापेक्षा लवकर एकवटते. खालच्या शेतकऱ्याने जुन्या अनुभवावर बांधलेला बांध या नव्या पाण्यापुढे टिकत नाही, यात त्याचा दोष नाही.

कायद्याची भूमिका

वरच्या जमिनीवर नैसर्गिकपणे पडलेले पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे वाहू देणे हे खालच्या जमीनधारकाचे कर्तव्य आहे, असे तत्त्व भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मध्ये दिलेल्या उदाहरणांवरून स्पष्ट होते. यातील ‘नैसर्गिकपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शेतभर पसरून येणारे पाणी चरात गोळा करून एकाच जागी शेजाऱ्याच्या हद्दीत सोडणे, यास नैसर्गिक प्रवाह म्हणता येत नाही. खालच्याने बांध घालून पाणी तुंबवू नये, आणि वरच्याने एकवटलेला लोंढा त्याच्यावर सोडू नये, असे हे दुहेरी बंधन आहे.

खालच्या अंगास विनाअधिकार बांध किंवा भराव घातल्यामुळे वरच्या शेतात पाणी साचून पिकाची वा जमिनीची हानी होत असेल, किंवा होण्याचा संभव असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदारास तो अडथळा दूर करविण्याचा अधिकार आहे. मात्र दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. मे महिन्यात घातलेल्या बांधाविषयी सुगी आटोपल्यावर, डिसेंबरात पाहू असे म्हटल्यास मुदत टळून जाण्याचे भय असते. दाव्यात अडथळ्याचे स्वरूप, त्याची जागा व तो केव्हा घातला ती तारीख स्पष्ट लिहावी. पाणी साचलेले असतानाची छायाचित्रे, गट नकाशा आणि साक्षीदारांची नावे तयार ठेवावीत.

नदी, ओढे व नाले हे, कोणाच्या कायदेशीर मालकीचे असल्याखेरीज, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० अन्वये शासनाच्या मालकीचे आहेत. नाला आपल्या गटातून जातो म्हणून तो बुजवण्याचा किंवा वळवण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होत नाही. असे काम मनात असल्यास यंत्र बोलावण्यापूर्वी तहसील कार्यालयात लेखी विचारणा करावी.

भूखंड पाडणाऱ्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडून रेखांकन मंजूर करून घ्यावयाचे असते. त्या नकाशात जागेवरील प्रत्येक नाला व ओघळ दाखविली आहे की नाही, हे शेजारच्या शेतकऱ्यांनीही पाहावे. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पावसाचे पाणी साठवण्याची अथवा मुरवण्याची व्यवस्था करावी लागते. तसेच नदीकाठी निळ्या पूररेषेच्या आतील जागा बांधकामास निषिद्ध असून निळ्या व लाल रेषांमधील जागेवर निर्बंध आहेत. काठची जमीन विकत घेणाऱ्याने या रेषा प्रथम पाहाव्यात, मग बयाणा द्यावा.

काम हाती घेण्यापूर्वी

१. सपाटीकरण करण्याच्या आधीच्या पावसाळ्यात, भर पावसात शेतात उभे राहून पाणी कोठून येते व कोठे जाते ते पाहावे आणि खुंट्या ठोकून ठेवाव्यात. उन्हाळ्यात ओघळीचा अंदाज चुकतो.

२. वरच्या सुपीक मातीचा थर बाजूस काढून ठेवावा, सपाटीकरण झाल्यावर तो पुन्हा पसरावा. मुरूम उघडा पडल्यास पाणीही मुरत नाही व पीकही येत नाही.

३. पाणी शक्य तितके आपल्याच शेतात जिरवावे. समपातळीवर पेरणी, बांधावर गवत आणि उताराच्या शेवटी शेततळे यांनी लोंढ्याचा जोर मोडतो व माती धरणात जाऊन बसत नाही.

४. सांडवा शक्यतो जुन्या ओघळीच्या जागीच ठेवावा व त्याची जागा शेजाऱ्यास दाखवून संमती कागदावर घ्यावी. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा एक कागद पुढे दोन पिढ्यांचे वैर टाळतो.

५. मृगापूर्वी सांडव्याचे तोंड व मोऱ्या साफ कराव्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा पाहाव्यात.

यांपैकी एकही काम फार खर्चाचे नाही. खर्च होतो तो बांध फुटल्यावर. वाहून गेलेली माती पुन्हा तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात, आणि भावकीत पडलेली तेढही सहजासहजी मिटत नाही. तरी यंदा जमीन सुधारण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने पाण्यास त्याची वाट आधी द्यावी आणि मगच बांधाची रेघ आखावी.