म्हैस दारात, दूध संस्थेत

आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा रस्सा न चाखलेली जी घरं आहेत, त्यांतलं कळंब्यातलं आमचं एक. "मग अंगात ताकद कशानं येते हो सर?" हा प्रश्न शाळेत शिकवायला लागल्यापासून ऐकत आलो. उत्तरादाखल मी जेवणाचं ताट सांगायचो: ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, शेवटी गुळाचा खडा. उत्तर खोटं नव्हतं. भाकरीत ऊर्जा आणि तंतू, मटकीत प्रथिनं, मेथीत फोलेट आणि लोह, शेंगदाण्यात स्निग्ध पदार्थ. शरीराला लागणारं बहुतेक सगळं त्या ताटात होतं. नव्हतं ते बी-१२ जीवनसत्त्व, आणि त्याची जागा दुसरं कोणतंच जीवनसत्त्व भरून काढत नाही.

आधी तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. मग चालताना पायाखाली कापूस पसरल्यासारखं वाटू लागलं. तलावाच्या बांधावर सकाळी फिरताना मागून हाक आली, "सर, चप्पल राहिली की मागं!" खाली बघितलं, तर एक पाय अनवाणी. चप्पल निसटल्याचं पायाला कळलंच नव्हतं. त्या दिवशी सगळे हसले, मीही हसलो. पुढं तोंड धुताना साबणासाठी डोळे मिटले की तोल जायचा, बेसिन धरावं लागायचं. डोळे उघडले की सगळं ठीक.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी वात म्हणालं, कुणी वय, कुणी साखर. हिमोग्लोबिन ठीक होतं, म्हणून "रक्त चांगलं आहे" यावर विषय मिटायचा. शेवटी एका डॉक्टरांनी धातूचा चिमटा हातावर आपटून त्याचा दांडा माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर जाणवते?" मला नुसता गार धातू जाणवला. घोट्यावरही तेच. गुडघ्यावर ठेवल्यावर कुठं थरथर लागली. मग त्यांनी जुने रिपोर्ट मागवले आणि एम.सी.व्ही. या ओळीवर बोट ठेवलं. तांबड्या पेशीचा आकार सांगणारा हा आकडा साधारण ८० ते १०० असावा लागतो. माझा शंभरावर होता, शेजारी ताराही छापलेला होता. बी-१२ ची तपासणी केली, तर २०० च्या बरंच खाली. हिमोग्लोबिन चांगलं असतानाही बी-१२ अभावी नसा बिघडू शकतात, हे मला तेव्हा कळलं.

बी-१२ कुठलीही वनस्पती तयार करत नाही आणि जनावरंही करत नाहीत. ते काम जिवाणूंचं. जनावरांच्या पोटातून ते दुधात आणि मांसात उतरतं, अंडी-मासळीतही असतं. मोठ्या माणसाची रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो. म्हणूनच तुटवडा लगेच दिसत नाही. दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय पोटात गेलं म्हणजे अंगी लागलं असंही नाही. अन्नातून ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, पुढं शोषलं जायला जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे, वयस्कर माणसं, जठराची शस्त्रक्रिया झालेले, यांच्यात ते कमी शोषलं जातं. माझं जेवण शाकाहारी आणि औषध मेटफॉर्मिन. दोन्हीकडून तूट.

शाकाहारी माणसाला आधार दुधाचा. आपला जिल्हा गोकुळचा, दुधाचा. पण म्हैस दारात आणि दूध संस्थेत, अशी कितीतरी घरं आहेत. सकाळ-संध्याकाळ किटली डेअरीत जाते, घरात उरतं ते चहापुरतं. शंभर मिलिलिटर दुधात बी-१२ असतं साधारण ०.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे रोजची गरज भागायला दूध-दही मिळून अर्धा लिटर तरी हवं. चहातल्या चार चमचे दुधाचा आणि पातळ ताकाचा हिशेब कुठं बसतो?

हे एका घराचं दुखणं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष छापले. जवळपास दोन-तृतीयांश पुरुषांमध्ये बी-१२ कमी होतं.

म्हणून काही गोष्टी सांगतो. हातापायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, जीभ लाल होऊन चुरचुरणं, विसराळूपणा, न जाणारा थकवा, यांतलं काही टिकून राहिलं तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारा. थकव्यावर आपल्याच मनानं फॉलिक अ‍ॅसिड सुरू करू नका. त्यानं रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. तपासणीआधी बी-१२ च्या गोळ्याही घेऊ नका, आकडा फसवा येतो. एम.सी.व्ही. बरोबर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. सोबत लोहही कमी असेल तर तो आकडा सामान्य दिसू शकतो. मोड आलेली कडधान्यं उत्तमच, पण त्यांत बी-१२ नाही. घरात सून गरोदर असेल तर लोह-फॉलिकच्या गोळ्यांबरोबर बी-१२ चंही विचारून घ्या, कारण आईकडं नसेल तर बाळाला मिळणार कुठून?

माळकऱ्यांसाठी एक खुलासा. औषधातलं बी-१२ जिवाणूंच्या आंबवण्यातून बनवतात, त्यात मांस नसतं. कॅप्सूलचं आवरण मात्र जिलेटिनचं असू शकतं, म्हणून गोळी किंवा इंजेक्शन मागावं. मी इंजेक्शनं घेतली, आता गोळी चालू आहे. थकवा आधी गेला, तोल सावरला, मुंग्या कमी झाल्या. अंगठ्यांचा बधिरपणा राहिला आहे आणि तो पूर्ण जाईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. घरात शाकाहार असेल आणि चाळिशी उलटली असेल, तर पुढच्या रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर बी-१२ लिहून घ्या. रक्त लवकर भरून येतं. नस एकदा गेली की सगळी परत येत नाही.