दुसऱ्या कंपायलरची डीएलएल घेताना

सी++ मध्ये काम करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. दुसऱ्या कंपायलरने बांधलेली लायब्ररी हातात आली, की लिंकर गप्प राहिला एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. लिंकरने दाखवलेल्या चुका त्याच दिवशी सापडतात. त्याने न दाखवलेल्या चुका ग्राहकाच्या मशीनवर सापडतात.

आमच्याकडे मोजमापाच्या एका यंत्रासोबत विंडोजची डीएलएल आणि हेडर फाइल आली. सोर्स कोड मिळणार नव्हता. डीएलएल व्हिज्युअल स्टुडिओ 2010 मध्ये बांधलेली, आमचा प्रोजेक्ट मिनजीडब्ल्यूच्या जीसीसीवर. पहिल्याच बिल्डला ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची रांग लागली. सी++ चा कंपायलर फंक्शनच्या नावातच आर्ग्युमेंट्सचे टाइप गुंफतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने गुंफलेलं नाव प्रश्नचिन्हाने सुरू होतं, जीसीसीचं अंडरस्कोर आणि झेडने. त्यामुळे फंक्शन समोर असूनही लिंकरला ते दिसत नाही. इथे काही जण डेफ फाइलमध्ये एक नाव दुसऱ्याला जोडून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. नावांच्या मागे व्हर्च्युअल टेबलची मांडणी, एक्सेप्शन फेकण्याची रीत, स्टँडर्ड लायब्ररीतल्या स्ट्रिंग आणि व्हेक्टरची आतली रचना असं बरंच काही वेगळं असतं. नाव जुळत नाही म्हणून तो फरक निदान वेळेवर कळतो.

हेडरमध्ये काही फंक्शन्स ‘एक्स्टर्न सी’ म्हणून दिलेली होती. त्यांची नावं साधी राहतात. जेनडेफ आणि डीएलएलटूल वापरून इंपोर्ट लायब्ररी तयार केली, लिंक झालं, यंत्राकडून आकडे येऊ लागले. अहवाल देणारं फंक्शन मजकुराचा पॉइंटर परत करायचं, आणि काम झालं की त्यावर फ्री म्हणा, अशी हेडरमध्ये सूचना होती. सूचनेप्रमाणे सगळं चालू होतं, आणि प्रोग्राम अधूनमधून कोसळू लागला. कोसळायचा तो भलत्याच ठिकाणी, डीएलएलशी काही संबंध नसलेल्या कोडमध्ये. हीप बिघडल्याची तक्रार विंडोज करायचं, पण कुणी बिघडवला ते सांगायचं नाही.

कारण असं, की त्या डीएलएलने मेमरी घेतली होती ती स्वतःच्या रनटाइमकडून, म्हणजे एमएसव्हीसीआर100 कडून, आणि 2010 चा हा रनटाइम स्वतःचा वेगळा हीप ठेवतो. आमचा फ्री मात्र एमएसव्हीसीआरटीचा. एका हीपची मेमरी दुसऱ्याकडे परत केली जात होती. मायक्रोसॉफ्टचे 2012 पासूनचे रनटाइम प्रोसेसचा सामाईक हीप वापरतात, म्हणून हाच कोड नव्या लायब्ररीबरोबर कधीकधी बिनबोभाट चालतो. त्यावर विसंबू नये. एका बाजूला डीबग बिल्ड आला, की तो प्रत्येक तुकड्याआधी स्वतःची नोंद ठेवतो आणि पॉइंटरचा हिशेब तिथेच चुकतो. ज्याने मेमरी घेतली त्यानेच ती सोडावी. लायब्ररीने सोडण्याचं फंक्शन स्वतः द्यावं, नाहीतर बफर आपण पुरवावा. फाइल पॉइंटरलाही हेच लागू: एका रनटाइमने उघडलेली फाइल दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

क्रॅश निदान दिसतो तरी. मला जास्त धास्ती चुकीच्या आकड्याची वाटते. लाँग डबल मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये 8 बाइटचा, 64 बिट मिनजीडब्ल्यूमध्ये 16 बाइटचा. समजा, स्ट्रक्चरमध्ये आधी लाँग डबल आणि मग स्टेटसचा इंट आहे. लायब्ररी स्टेटस 8 व्या बाइटपासून लिहील, आपला कोड 16 व्या बाइटपासून वाचेल. लिंकर काही बोलणार नाही, प्रोग्राम थांबणार नाही, आणि पडद्यावर आकडा मात्र खोटा येईल. मोजमापाच्या कामात याहून वाईट काही नाही. म्हणून सीमेवरच्या स्ट्रक्चरमध्ये इंट32 सारखे ठरावीक मापाचे टाइप आणि साधा डबल एवढंच ठेवावं. प्रत्येक स्ट्रक्चरचं माप आणि महत्त्वाच्या फील्डची जागा स्टॅटिक असर्टने कंपाइल होतानाच तपासावी, म्हणजे गडबड असेल तर बिल्डच अडेल.

लिनक्सवाल्यांनीही फार निश्चिंत राहू नये. तिथे जीसीसी आणि क्लँग एकाच एबीआयने चालतात, पण 2015 मध्ये जीसीसी 5 आला तेव्हा सी++11 च्या नियमांपायी स्ट्रिंगची रचना बदलली. जुन्या रचनेच्या लायब्ररीला नव्या कोडमधून स्ट्रिंग द्यायला गेलात, तर न सापडलेल्या नावात ‘सीएक्सएक्स11’ दिसतं. जुन्या रचनेसाठी मॅक्रो आहे, पण तो सगळ्या प्रोजेक्टला एकसारखा लावावा लागतो. मायक्रोसॉफ्टकडे 2015 ते 2022 या आवृत्त्या आपसात जुळतात. मात्र शेवटचं लिंकिंग त्यातल्या सर्वांत नव्या आवृत्तीने किंवा तिच्याहून नव्या आवृत्तीने करावं लागतं.

डीएलएल हाती आली की पहिल्यांदा डंपबिनने तिची एक्स्पोर्ट झालेली नावं आणि ती कोणत्या रनटाइमवर अवलंबून आहे ते पाहा. पुरवठादाराकडून कंपायलर, आवृत्ती, 32 की 64 बिट, डीबग की रिलीज, हे लेखी घ्या. स्वतः लायब्ररी देणार असाल तर सीमेवर क्लास नकोत. आतला ऑब्जेक्ट हँडलमागे ठेवा, एक्सेप्शन आतच पकडून एरर कोड परत करा.

आणि लायब्ररीत फक्त सी++ चेच क्लास असतील, सोर्स नसेल, तर तिच्याच कंपायलरने एक पातळ डीएलएल बांधा, जी बाहेर निव्वळ सी बोलेल. आम्ही शेवटी हेच केलं. व्हिज्युअल स्टुडिओ 2010 एका व्हर्च्युअल मशीनवर कायमचं ठेवलं, त्यात ही मधली डीएलएल बांधली, आणि अहवालाची मेमरी सोडण्याचं फंक्शनही तिच्यातच घातलं. तेवढंही शक्य नसेल, तर लायब्ररीला वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून पाइपने बोलावं. वेग थोडा जाईल, पण तिची मेमरी तिच्याच घरी राहील.